न लागलेला 424 ब्रास मुरूम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्याच परिसरातल्या एका स्थानिक संस्थेची उद्यानाच्या कामाची निविदा वाचली. डोंगराच्या पायथ्याची अडीच एकर उताराची जागा. निविदेत एक अट ठळक अक्षरांत होती: आराखडे आणि मातीकामाचा हिशेब अमुक कंपनीच्या अमुक सॉफ्टवेअरच्या मूळ फायलीतच सादर करावा. आवृत्तीसुद्धा लिहिली होती. मात्र जागेच्या आजच्या पातळ्या कोणी घेतल्या, कधी घेतल्या, कुठल्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून घेतल्या, याबद्दल सबंध निविदेत एक ओळ नव्हती. काहीतरी नजरेतून सुटलं असेल म्हणून मी सगळी पानं पुन्हा वाचली. नव्हतीच. हे पत्र त्यासाठी.

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं तीन माणसांचं ऑफिस आहे. 1996 पासून ठाणे, कळवा, ऐरोली, बेलापूर, खारघर या पट्ट्यात सोसायट्यांच्या बागा, शाळांची मैदानं, एखाद्या कारखान्याचं आवार अशी कामं करते. आमचं काम म्हणजे झाडं निवडणं, असं बहुतेकांना वाटतं. झाडं शेवटी येतात. आधी माती येते. कुठं खोदायचं, कुठं भरायचं, उतार किती ठेवायचा, पावसाचं पाणी कुठून निघून कुठं जायचं. अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा पुष्कळदा मातीचाच असतो आणि बिलाच्या वेळी भांडणही त्याच्यावरूनच होतं.

दर वर्षी निकाल लागले की नव्यानं पास झालेली मुलंमुली फोन करतात. "मॅडम, ग्रेडिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" ग्रेडिंग म्हणजे जमिनीचे उतार आणि पातळ्या आखणं. पूर्वी मी एखादं नाव सांगून मोकळी व्हायचे. 2022 पासून तसं करत नाही. आधी त्यांना एक गोष्ट सांगते, तीच इथं लिहिते.

त्या वर्षी फेब्रुवारीत घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलाच्या बागेचं काम आमच्याकडे होतं. मागे येऊरचा डोंगर, पुढे खाडीकडे जाणारा उतार. जागा दोन एकर, म्हणजे आठ हजार चौरस मीटरच्या आसपास. सर्व्हेअरच्या माणसांनी टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून दर दहा मीटरवर पातळी घेतली आणि नव्वदेक बिंदूंची यादी आम्हाला दिली. ती आम्ही सॉफ्टवेअरमध्ये भरली. सॉफ्टवेअर जवळचे तीन-तीन बिंदू जोडून त्रिकोणांचं जाळं विणतं आणि त्यातून जमिनीचा पृष्ठभाग तयार होतो. आम्ही त्याला सर्फेस म्हणतो. आजच्या जमिनीचा एक सर्फेस, आम्ही आखलेल्या बागेचा दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवून वजाबाकी केली. खोदाई 2,900 घनमीटर आली आणि भराव 4,100. म्हणजे 1,200 घनमीटर मुरूम बाहेरून आणायचा. साइटवर घनमीटर कोणी बोलत नाही, सगळे ब्रासमध्ये बोलतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. तेव्हा मुरूम झाला 424 ब्रास. सोसायटीच्या कमिटीसमोर आकडा ठेवला, दर लावला, मंजुरी मिळाली.

त्या कामावरचे मुकादम साठीला आलेले होते, उभा जन्म मातीकामात गेलेला. त्यांनी प्लॉटला सावकाश एक फेरी मारली आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "मॅडम, एवढा मुरूम इथं मावायचा नाही. वरचं टेकाड खाली लोटलं की खळगा भरला. बाहेरचा आणून ठेवणार कुठं?"

मी म्हटलं, "अहो, हिशेब संगणकानं केलाय. दोनदा तपासलाय."

"असंल. पण जागा माझ्या डोळ्यांपुढं आहे ना."

मला राग आला होता, हे कबूल करते. त्या रात्री मात्र मी ऑफिसात थांबले आणि एकेक बिंदू बघायला लागले. तिसऱ्या दिवशी सापडलं. एका बिंदूची उंची शून्य होती. आजूबाजूची जमीन 14 मीटरवर आणि मध्येच हा एक बिंदू शून्यावर. तिथं पावसाळी गटाराच्या चेंबरचं झाकण होतं. सर्व्हेच्या दिवशी त्यावर सिमेंटचा ट्रक उभा होता, म्हणून पातळी घेता आली नव्हती. यादीत त्यांनी ती जागा रिकामी सोडली होती, आणि रिकामी जागा सॉफ्टवेअरनं शून्य म्हणून वाचली.

एका बिंदूनं काय होणार, असं वाटेल. हिशेब करून बघा. त्या बिंदूला सहा त्रिकोण चिकटलेले होते, प्रत्येक 50 चौरस मीटरचा. म्हणजे 300 चौरस मीटर तोंडाचा आणि 14 मीटर खोल असा उलटा सुळका. सुळक्याचं घनफळ म्हणजे क्षेत्रफळ गुणिले खोली, भागिले तीन. 1,400 घनमीटर, 494 ब्रास. जमिनीत नसलेली विहीर आम्ही कागदावर मुरमानं भरत होतो. नकाशावर समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असत्या तर तिथं वर्तुळांची दाटी उमटली असती आणि ती कोणालाही दिसली असती. पण गर्दी नको म्हणून आजच्या जमिनीच्या रेषा बंद करून आम्ही फक्त प्रस्तावित पातळ्या छापल्या होत्या. चूक आमच्या ऑफिसची होती. दोनदा तपासलं होतं हे खरं, पण दोन्ही वेळा तपासला तो आमचा आराखडा. त्याखालची जमीन कोणी तपासलीच नव्हती.

बिंदू दुरुस्त केल्यावर भराव 2,700 घनमीटरवर आला. खोदाई 2,900 होतीच. मुरूम पाणी मारून, रोलर फिरवून दाबला की खोदलेल्या मापापेक्षा कमी भरतो. आमच्या जागेवर तो दहा टक्के बसला, म्हणजे 2,610 घनमीटर मिळाला. कमी पडले ते 90. चारशे चौरस मीटरचा एक उंचवटा आम्ही वीतभर उतरवला आणि मेळ बसला. बाहेरून एकही डंपर आला नाही. मी कमिटीला पत्र लिहून झालेली चूक आणि नवा आकडा दोन्ही कळवलं.

यात फक्त मुरमाची किंमत वाचली असंही नाही. बाहेरून मुरूम आणला की सरकारला भरलेल्या रॉयल्टीची पावती लागते. भूखंड विकसित करताना निघालेली माती त्याच भूखंडाच्या सपाटीकरणासाठी वापरली, तर गौण खनिजाच्या नियमांतल्या 2015 च्या दुरुस्तीनुसार तिच्यावर रॉयल्टी नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर 2014 मध्ये, पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की खोदून काढलेल्या मातीचा वापर कशासाठी झाला हे बघावं लागेल. म्हणजे प्लॉटमधली माती प्लॉटमध्येच जिरवणाऱ्या आराखड्याला कायद्यानं आधार दिला आहे. मात्र ती खरोखर तिथंच जिरली, हे दाखवायला हिशेब पक्का हवा.

आता मुलं विचारतात, ते सॉफ्टवेअर कोणतं होतं? त्याचं नाव लिहून काही साधणार नाही. त्रिकोणांवर चालणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरनं असला बिंदू तसाच घेतला की ते तीच विहीर खणेल. ते स्वस्तातलं असो की लाखाचं.

तशीच दुसरी फसगत नाल्यांची होते. आपल्याकडे डोंगरातून उतरणारे ओहोळ पुष्कळ. खारघरला एका शाळेच्या मैदानाच्या कडेनं असाच एक ओहोळ जातो, दोन मीटर खोल. दर दहा मीटरवर पातळ्या घेतल्या की काही बिंदू या काठावर पडतात, काही त्या काठावर, आणि तळाशी एकही नाही. सॉफ्टवेअर या काठाचा बिंदू थेट त्या काठाशी जोडतं आणि ओहोळावर स्लॅब टाकल्यासारखा तो बुजवून टाकतं. उपाय जुनाच आहे. काठाच्या वरच्या कडेनं आणि तळाच्या कडेनं चालत जाऊन वेगळ्या पातळ्या घ्यायच्या आणि त्या रेषा सॉफ्टवेअरला ब्रेकलाइन म्हणून द्यायच्या, म्हणजे कुठलाही त्रिकोण त्या ओलांडून जात नाही. सॉफ्टवेअर निवडताना मी पहिल्यांदा हेच बघते. ब्रेकलाइन घेता येते का, आणि त्रिकोण उघडे दिसतात का? जे सॉफ्टवेअर नुसता गुळगुळीत रंगीत डोंगर दाखवतं आणि आतलं जाळं झाकून ठेवतं, त्याच्या आकड्यावर मी बिल करणार नाही. उभ्या भिंतीचंही असंच. एकाच जागी दोन उंच्या जाळ्याला समजत नाहीत, म्हणून भिंतीचा माथा आणि पाया यांत एक-दोन सेंटिमीटरचं अंतर ठेवावं लागतं. हे ज्याला ठाऊक नसतं त्याच्या गॅबियन भिंतीचा, म्हणजे जाळीत दगड भरून केलेल्या भिंतीचा, कागदावर उतार होतो.

यानंतर मी मुलांना एक खड्डा देते. खड्ड्याचा तळ 10 बाय 10 मीटर, तोंड 20 बाय 20 मीटर, खोली 5 मीटर, चारही बाजू सरळ उताराच्या. हा खड्डा सॉफ्टवेअरमध्ये काढ आणि घनफळ सांग, एवढंच. खरं उत्तर 1,166.67 घनमीटर. मधल्या उंचीवरचं क्षेत्रफळ, म्हणजे 15 बाय 15, चारपट धरून वरच्या-खालच्यात मिळवायचं, सहानं भागायचं आणि खोलीनं गुणायचं. कागदावर पाच मिनिटांचं काम आहे. पण वरचं आणि खालचं क्षेत्रफळ घेऊन नुसती सरासरी काढली तर येतात 1,250. फरक 83 घनमीटरचा, म्हणजे 29 ब्रास, सात टक्के. दोन्ही रीती पुस्तकात आहेत, दोन्ही वापरात आहेत आणि काही सॉफ्टवेअरमध्ये त्या शेजारी-शेजारी असतात. आपण कुठली निवडली हे वापरणाऱ्यालाच माहीत नसलं, तर ते सात टक्के ज्याची जमीन आहे त्याच्या खिशातून जातात. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी त्याच्या चाचणीच्या मुदतीत हा खड्डा खणून बघावा. विक्रेत्याचं सादरीकरण तासभर ऐकण्यापेक्षा या एका खड्ड्यातून जास्त कळतं.

नावं विचारलीच आहेत, तर माझा अनुभव सांगते. स्केचअप मी रोज उघडते. कमिटीतल्या आजींना उतार कसा दिसेल, बाक कुठं येईल हे दाखवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. समोच्चरेषांवरून जमीनही त्यात होते. पण घनफळ ते बंदिस्त आकृतीचं सांगतं आणि खोदाई-भरावाची तपशीलवार वजाबाकी हा त्याचा पिंड नाही. त्यावरून बिल करू नये. ऑटोडेस्कचं सिव्हिल थ्रीडी या कामाला पुरून उरतं. फीचर लाइन ओढून कडेची पातळी ठरवता येते, तिथून ठरावीक उतारानं जमिनीला नेऊन टेकवता येतं, आणि सर्फेसवर पाण्याचा थेंब सोडून तो कुठल्या वाटेनं घरंगळतो ते बघता येतं. ठाण्याचा पाऊस ज्यानं अनुभवलाय त्याला या थेंबाचं मोल वेगळं सांगायला नको. पण ते फक्त विंडोजवर चालतं, शिकायला महिने लागतात आणि पैसे दर वर्षी भरावे लागतात. 2016 पासून ऑटोडेस्कनं बहुतेक सॉफ्टवेअरचे कायमचे परवाने विकणं बंद केलं. तीन माणसांच्या ऑफिसला तो भार मोठा आहे. व्हेक्टरवर्क्स लँडमार्क मॅकवरही चालतं, त्यात झाडांच्या याद्या आणि जमिनीचं मॉडेल एकाच फायलीत राहतं, खोदाई-भरावही निघतो. बागांचीच कामं करणाऱ्यानं ते अवश्य बघावं. कार्लसनचं सॉफ्टवेअर स्वतःच्या कॅडसह, म्हणजे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरसह मिळतं, ऑटोकॅड वेगळं घ्यावं लागत नाही. रस्त्यांची मोठी कामं करणारे बेंटली कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे जातात, तो माझा प्रांत नाही.

आणि क्यूजीआयएस. हे 2002 पासूनचं, कोणालाही फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. बागेचा आराखडा काढायला ते गैरसोयीचं आहे, पण तपासणीला उत्तम. बिंदूंची यादी दिली की त्रिकोणांवरून पृष्ठभाग करतं, ब्रेकलाइन घेतं आणि दोन पृष्ठभागांची चौकोन-चौकोनानं वजाबाकी करून देतं. घोडबंदरच्या त्या अनुभवानंतर आम्ही ठरवलं की एकानं सिव्हिल थ्रीडीत हिशेब करायचा आणि दुसऱ्यानं तीच मूळ यादी घेऊन, पहिल्याची फाइल न बघता, क्यूजीआयएसमध्ये करायचा. दोन आकड्यांत दोन टक्क्यांहून जास्त फरक आला तर काम थांबवायचं. बहुतेक वेळा अर्ध्या दिवसाचं काम असतं. एकदा या रीतीनं सापडलं की आर्किटेक्टच्या ऑफिसमधून आलेलं चित्र मिलिमीटरमध्ये होतं आणि आमच्या पातळ्या मीटरमध्ये.

इथं एका झाडाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कोलशेतकडच्या एका जागेत जुना रायवळ आंबा होता. खोदाई आणि भराव समसमान व्हावा म्हणून सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं, तर त्यानं आराखड्यातल्या सगळ्या प्रस्तावित पातळ्या 40 सेंटिमीटरनं उचलायचं सुचवलं. हिशेब चोख होता. पण त्यात आंब्याच्या बुंध्याभोवती हातभर मुरूम पडत होता. मुळांचा श्वास कोंडून असं झाड दोन-तीन पावसाळ्यांत वाळतं, मी तशी झाडं वाळताना पाहिली आहेत. सॉफ्टवेअरला ते झाड म्हणजे यादीतला एक बिंदू. आम्ही फांद्यांच्या घेराएवढी रेषा आखून तिच्या आतली मूळ पातळी तशीच ठेवली, भोवती दगडाचं बसकं कठडं घेतलं आणि शिल्लक राहिलेला मुरूम मैदानाच्या कडेला नेला. लेखी हिशेब थोडा बिघडला. आंबा अजून मोहरतो.

दुसरं एक लक्षात आणून द्यायला हवं. हल्ली पुष्कळ जण सर्व्हेचे पैसे वाचवायला उपग्रहाच्या उंच्या उतरवून घेतात आणि त्यावर आराखडा करतात. इंटरनेटवर सहज मिळणाऱ्या या उंच्यांपैकी बऱ्याचशा फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीतून आल्या आहेत आणि तिथं 30 मीटरच्या चौकोनाला एक उंची मिळते. दोन एकरांत असे चौकोन बसतात नऊ. शिवाय ते रडार झाडांचे शेंडे आणि इमारतींच्या गच्च्या यांनाही जमीनच समजतं. डोंगर-दरीचा अदमास घ्यायला ठीक. दोन टक्के उताराची हिरवळ आखायला मुळीच नाही. आठ हजार चौरस मीटरमध्ये सरसकट 10 सेंटिमीटर चूक झाली, तर तो फरक 800 घनमीटरचा होतो, 282 ब्रासचा. जीपीएस यंत्रानं घेतलेल्या उंचीचंही तसंच बघून घ्यावं. त्याची कच्ची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. आपल्या भागात दोन्हींत साठ मीटरहून जास्त तफावत आहे. दुरुस्ती केली नाही तर ठाण्यातली जमीन समुद्राच्या पन्नासेक मीटर खाली दिसते. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. छोट्या चुका खपून जातात.

खेपांचं भांडण तर प्रत्येक साइटवर होतं. जमिनीतला एक ब्रास मुरूम खोदला की तो फुगतो आणि डंपरमध्ये सव्वा ब्रास होतो. कातळ फोडला तर दीडच्याही वर जातो. दाबून बसवला की पुन्हा कमी. म्हणजे तोच माल तीन ठिकाणी तीन मापांचा. सॉफ्टवेअर मोजतं ते जमिनीतलं माप, ठेकेदार मोजतो डंपर, आणि मालकाला दिसतो दाबून बसवलेला भराव. यांपैकी पैसे कुठल्या मापावर द्यायचे हे करारात लिहिलेलं नसेल, तर तिघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतात आणि तरी भांडतात. मातीकामाची मोजणी कशी करावी यासाठी भारतीय मानक 1200 चा पहिला भाग आहे. करारात त्याचा नुसता उल्लेख असला तरी पुष्कळ वाद मिटतात.

आता त्या निविदेकडे येते. सॉफ्टवेअरच्या नावाची सक्ती केल्यानं संस्थेला काय मिळतं? ज्यांच्याकडे तो परवाना आहे तेवढ्यांचेच अर्ज येतात, हा एक तोटा. खरा तोटा पुढे आहे. ती फाइल उघडायला संस्थेकडेही दर वर्षी तोच परवाना लागणार. पाच वर्षांनी नवे अभियंता आले, परवाना संपलेला असला, तर हाती उरतं ते रंगीत चित्र. माझी विनंती अशी, की निविदेत नावाऐवजी वस्तू मागावी. बिंदूंची मूळ यादी साध्या मजकुराच्या फायलीत, प्रत्येक बिंदूचा क्रमांक, जागा, पातळी आणि तो कशावर घेतला त्याचा शेरा. कुठला बेंचमार्क, त्याचा फोटो. सीमा आणि ब्रेकलाइन डीएक्सएफ या आराखड्यांच्या फाइल-प्रकारात. आजचा आणि प्रस्तावित असे दोन्ही सर्फेस लँडएक्सएमएल या फाइल-प्रकारात. हा खुला नमुना आहे, त्याची 1.2 ही आवृत्ती 2008 पासून वापरात आहे आणि वर लिहिलेली सिव्हिल थ्रीडी, कार्लसनसारखी सॉफ्टवेअर तो वाचतात. घनफळ कुठल्या रीतीनं काढलं आणि दाबणीसाठी किती टक्के धरले ते शब्दांत लिहून द्यावं. आणि काम झाल्यावर, बिल देण्याआधी, त्याच बेंचमार्कवरून पुन्हा सर्व्हे. सोसायट्यांच्या कमिट्यांनीही हेच मागावं. फाइल उघडता आली नाही तरी मागून ठेवावी. उघडणारा कोणी ना कोणी पुढे भेटतो.

मूळ पातळ्या जपून ठेवण्याची गरज नवी मुंबईला इतरांपेक्षा जास्त आहे. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीलगतच्या सखल, दलदलीच्या जमिनीवर हे शहर वसवायला घेतलं. भरतीच्या वेळी शहरातलं पावसाचं पाणी थोपवून धरायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं, यासाठी धारण तलाव बांधले. आज त्यांत गाळ साचलाय, कांदळवन वाढलंय, आणि ते कसं हाताळायचं याची चर्चा आपल्या अंकातही होत असते. एखाद्या तलावात गाळ नक्की किती साचला, हे सांगायला आजची पातळी पुरत नाही. बांधला तेव्हाचा तळ कुठं होता ते हाताशी हवं. तो कागद असेल तर ही दोन सर्फेसची वजाबाकी आहे, तासाभराचं काम. नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, ते अंदाजच सांगेल. आज होणाऱ्या प्रत्येक उद्यानाची, प्रत्येक नाल्याची हीच फाइल तीस वर्षांनी कोणालातरी लागणार आहे.

शेवटची विनंती आपल्यालाच आहे, संपादक महोदय. पावसाळ्यात आपल्या अंकात मोठ्या भरतीचे दिवस आणि उंची छापून येते, "4.8 मीटरची भरती" अशी. ही उंची चार्ट डेटमवरून, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीच्या जवळ ठरवलेल्या पातळीवरून मोजलेली असते. आमच्या सर्व्हेच्या पातळ्या सरासरी समुद्रसपाटीवरून असतात. मुंबईच्या किनाऱ्यावर दोन्हींत सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. म्हणजे 4.8 मीटरची भरती आमच्या नकाशावर साधारण 2.3 मीटरला येते, खाडीत आत शिरताना त्यात आणखी फरक पडतो. माझ्याकडे उमेदवारी करणाऱ्या एका हुशार मुलीनं ऐरोलीच्या एका आवाराचा आराखडा करताना छापून आलेला आकडा तसाच धरला आणि सबंध जागा अडीच मीटर उचलली. एका एकरावर तो दहा हजार घनमीटरचा भराव होता, साडेतीन हजार ब्रास. वेळेवर लक्षात आलं. पण तिची चूक मला मोठी वाटत नाही, कारण तो आकडा कशावरून मोजलाय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि छापलेल्या तक्त्यातही ते नव्हतं. यंदा भरतीचा तक्ता छापाल तेव्हा खाली एक ओळ घालावी: "उंची चार्ट डेटमवरून, सरासरी समुद्रसपाटीवरून हवी असल्यास सुमारे अडीच मीटर वजा करावेत."

कळावे,
आपली,
एक लँडस्केप आर्किटेक्ट,
नौपाडा, ठाणे